एका माणसाची पाणबुडी : खाली जाण्याचे आणि वर येण्याचे गणित

आपल्या देवगड तालुक्यातच विजयदुर्ग आहे आणि विजयदुर्गाजवळ समुद्राच्या पाण्याखाली एक दगडी भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केलेला आहे. इतिहासाच्या तासाला या भिंतीचा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, "सर, आपणच छोटी पाणबुडी बनवून ती पाहून आलो तर?" तथागतांनी आपल्या धम्माविषयी 'या आणि पाहा' असे आवाहन केले. तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ही इच्छा आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. मात्र ती पुरी करण्याआधी कागदावर काय काय मांडावे लागते, ते येथे सांगत आहोत.

घरगुती पाणबुडीची कल्पना नवी नाही. १७७५ साली अमेरिकेत डेव्हिड बुशनेल या तरुणाने ओक लाकडाची, एकाच माणसापुरती 'टर्टल' ही पाणबुडी बांधली. आत बसलेला माणूस हातानेच पंखा फिरवी, झडप उघडून पाणी आत घेई आणि हातपंपाने ते बाहेर टाकी. हवा जेमतेम अर्धा तास पुरे. तळाशी शिसे होते आणि त्याचा काही भाग संकटसमयी आतूनच सोडून देता येई. सप्टेंबर १७७६ मध्ये एझ्रा ली हा सैनिक तिच्यात बसून न्यूयॉर्क बंदरातील 'ईगल' या ब्रिटिश युद्धनौकेखाली गेला. सुरुंग बसवण्याचा बेत फसला, पण ली जिवंत परत आला. आमच्या मते टर्टलचे खरे यश तेच होय.

आता गणित. ८० सेंटिमीटर व्यासाचे आणि २.२ मीटर लांबीचे पोलादी नळकांडे घेऊ. त्याचे घनफळ सुमारे १.१ घनमीटर भरते. आर्किमिडीजच्या नियमानुसार ते तेवढेच खारे पाणी बाजूला सारते आणि त्या पाण्याचे वजन सुमारे ११३० किलो असते. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे हे नळकांडे स्वतः भरते साधारण ३१० किलो. सत्तर किलोचा माणूस आत बसला तरी ७५० किलोंची तूट उरते! लोखंड बुडतेच अशी समजूत असलेल्या मुलांना येथे धक्का बसतो. रिकामी पाणबुडी बुडवणेच कठीण. ही तूट बॅटऱ्या, मोटर, आतली कडी आणि शिसे यांनी भरून काढायची, आणि जड वस्तू तळाशीच ठेवायच्या, नाहीतर पाणबुडी कुशीवर लोळेल. बाहेरच्या टाक्यांत हवा असेल तोवर ती तरंगते. हवा सोडून पाणी आत घेतले की वजन आणि उचल बरोबरीला येतात. दाबून भरलेल्या हवेने टाक्यांतले पाणी हुसकले की ती पुन्हा वर येते.

दाबाचा हिशेब याहून कठोर आहे. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. म्हणजे पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर दहा मीटर खोलीवर बाहेरून जवळजवळ दोन टन वजन बसते. ते झाकण आतून कोणीही ढकलून उघडू शकत नाही. म्हणून नळकांड्याची टोके सपाट न ठेवता गॅसच्या सिलिंडरसारखी फुगीर करतात, आतून पिंपाच्या पट्ट्यांप्रमाणे कडी जोडतात आणि गोलाई काटेकोर राखतात. पत्र्याला जरासा पोचा असला तरी तेथूनच तो चेपू लागतो. पत्र्याची जाडी आणि कड्यांमधील अंतर मात्र जाणकार अभियंत्याकडूनच तपासून घ्यावे. तेथे अंदाज चालत नाही.

हवेबाबत बहुतेकांचा समज उलटा असतो. माणूस आधी प्राणवायू संपून नव्हे, तर स्वतःच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने संकटात येतो. यंत्रसामग्री आणि माणूस वगळता आत ८०० लिटर हवा उरली आणि हलक्या श्रमात मिनिटाला ०.४ लिटर वायू बाहेर पडला, तर चाळीस मिनिटांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाते. पुढे दम लागतो, डोके दुखते, निर्णय चुकू लागतात. हा वायू शोषणारे सोडा-लाइम आणि वेगळा प्राणवायू आत हवाच. बॅटरीत खारे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन तयार होतो, हे आणखी एक.

आता इतिहासाचे पान उलटू. अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेने 'हनली' ही हाताने फिरवायची पाणबुडी वापरली. ती तीनदा बुडाली आणि तिच्यात एकवीस माणसे मेली, खुद्द होरेस हनलीसह. १८६४ साली तिने शत्रूचे जहाज बुडवले, पण स्वतः परतली नाही. तिच्या पक्षाचा पराभव झाला, गुलामगिरी नष्ट झाली, आणि त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अर्पण केली. अगदी अलीकडे, जून २०२३ मध्ये, टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली 'टायटन' पाण्याच्या दाबाने चिरडली गेली आणि पाच जण मृत्युमुखी पडले. कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचे प्रमाणीकरण झालेले नव्हते.

जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्यांचीही वाटणी करते, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. हिशेब एकाने करायचा, घाम दुसऱ्याने गाळायचा, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. एका माणसाच्या घरगुती पाणबुडीत हिशेब करणारा, वेल्डिंग करणारा आणि आत बसणारा एकच असतो. म्हणून हा नकाशा मुलांनी स्वतः काढावा असे आम्हांस वाटते. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' १९९२ साली मुंबईच्या माझगाव गोदीतूनच नौदलात आली. मुंबईच्या गोद्या-गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरींवर कोकणातली कितीतरी घरे जगली आहेत. गोदी आपल्याला परकी नाही.

तूर्त आमची मर्यादा शाळेच्या टाकीतील प्लास्टिकच्या बाटलीची आहे. बाटलीला शिसे बांधून ती पाण्यात अधांतरी थांबवणे आणि दोरी ओढताच शिसे सुटून ती वर येणे, एवढे मुलांना जमले पाहिजे. समुद्राचा विचार त्यानंतर, आणि तोही तटरक्षक दल, पोलीस आणि बंदर खाते यांच्या परवानगीशिवाय नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओचा संदेश पोचत नाही, म्हणून वर होडी आणि दोरीला बांधलेला तरंगता खुणेचा डबा लागतो. देवगडच्या तांडेलांना जाळी कोठे लागलेली आहेत हेही विचारावे लागेल, कारण जाळ्यात अडकलेली पाणबुडी शिसे सोडूनही वर येत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे जहाजबांधणीत, वेल्डिंगमध्ये किंवा अभियांत्रिकीत आहेत, त्यांनी सुटीत जामसंड्याला आल्यावर मुलांच्या वहीतील वरचे आकडे एकदा तपासून द्यावेत. झाकणाच्या आणि हवेच्या हिशेबापासून सुरुवात करावी.