परवडेल काय?

मोडकळीस आलेले वडिलोपार्जित घर दुरुस्तीस काढले, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न हाच विचारतात. अमेरिकेतील फेअरहेवन या बंदरगावच्या लोकांनीही कप्तान जोशुआ स्लोकम यांना नेमके हेच विचारले होते. फरक इतकाच, की तेथे घर नव्हते. एक जुनी, लहानशी शिडाची नौका होती.

स्लोकम यांचे सारे आयुष्य शिडांच्या जहाजांवर गेले. वाफेच्या बोटींनी तो व्यवसाय बुडवीत आणला होता; त्यांचे स्वतःचे जहाजही १८८७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर निकामी झाले. पन्नाशी जवळ आलेली आणि हाताला काम नाही, अशा अवस्थेत १८९२ साली एबेन पीअर्स या वृद्ध कप्तानाने त्यांना एक जहाज देऊ केले. ‘थोडी दुरुस्ती करावी लागेल,’ एवढेच तो म्हणाला. स्लोकम पाहावयास गेले, तो समुद्रापासून दूर एका शेतात, कापडाखाली झाकलेली ‘स्प्रे’ दिसली. ती इसवी सनाच्या पहिल्याच वर्षी बांधली असावी, अशी गावकऱ्यांची थट्टा!

ही नौका मोडणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. स्लोकम यांनी ती नव्याने उभारण्याचे ठरविले. जवळचाच एक ओक वृक्ष तोडून त्यांनी नौकेचा कणा घडविला. लाकडे वाफेवर मऊ करून, वाकवून फासळ्या बसविल्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा सफरचंदाची झाडे बहरली होती. मग दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या आल्या. त्यांचे सांधे कापूस आणि डांबरी काथ्या ठासून बंद केले. खोल समुद्रास तोंड देता यावे, म्हणून मध्यभागी काठ फूटभर उंच केला. जुने काढावे, तेथेच नवे बसवावे, असा क्रम चालला. तेरा महिन्यांची मेहनत आणि साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. मध्यंतरी पैशांसाठी इतरांच्या जहाजांवर मजुरीही केली.

आता नौकेत जुने ते काय उरले? जहाज दुरुस्त होत होत संपूर्ण नवे झाले, तरी ते पूर्वीचेच मानावे, या जहाजी दंडकाचा स्लोकम यांनी आधार घेतला. नाव ‘स्प्रे’च राहिले.

आणि परवडले काय? आरंभी नाही. मासेमारीचा एक हंगाम साफ फसला. मग २४ एप्रिल १८९५ रोजी, सदतीस फुटांना किंचित कमी अशी ही नौका घेऊन ते बोस्टनहून एकटेच निघाले. सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले मानव होत. वाटेत कोकोस बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांत त्यांना सुकाणू जेमतेम हाती धरावे लागले, इतकी ती समतोल साधली होती. प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९०० साली निघाले आणि त्याने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

न्यूपोर्टहून ते ‘स्प्रे’ला फेअरहेवनला घेऊन गेले आणि जेथून ती प्रथम पाण्यात उतरली होती, तेथल्याच खुंटाला त्यांनी ती बांधली.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्या घरांतूनही एकेक फळी बदलतच गेली आहे. कणा सुस्थितीत असला आणि हात राबावयास तयार असले, म्हणजे नावाने तेवढे टिकून राहावयास हरकत नसावी.