जंतांची लस आणि झाडाची साल

जंताची गोळी पोटातले जंत मारते. पण दूषित मातीत अनवाणी फिरलं की अंकुशकृमी पुन्हा शिरतो. मग लस का नाही? कारण हा कृमी बहुपेशीय प्राणी आहे, आणि आपल्या प्रतिकारशक्तीला गप्प बसवणारे रेणू तो स्वतःच सोडतो. त्याचं एखादं प्रथिन नुसतं टोचलं तर शरीर फारशी दखल घेत नाही. त्यासाठी लशीत ‘ॲडज्युव्हंट’, म्हणजे प्रतिसाद वाढवणारा घटक, मिसळतात. ॲल्युमिनियमचे क्षार यातले सर्वांत जुने, १९२६ पासूनचे. अंकुशकृमीच्या नव्या लशींत त्यांच्या जोडीला जिवाणूंच्या डीएनएची नक्कल करणारे तुकडे घालून पाहिले जात आहेत.

अर्थात मूळ प्रथिनच चुकीचं निवडलं तर ॲडज्युव्हंट काय करणार? ब्राझीलमध्ये अशाच एका चाचणीत काहींच्या अंगावर पित्त उठलं. जुन्या संसर्गामुळे त्या प्रथिनाविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडं त्यांच्या रक्तात आधीच होती.

मेंढ्या मात्र पुढे गेल्या! त्यांच्या रक्तपिपासू कृमीवरची ‘बार्बरव्हॅक्स’ ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये आली. तिच्यात कृमीच्या आतड्यातली प्रथिनं आणि सॅपोनिन हा ॲडज्युव्हंट असतो. ही प्रथिनं एरवी मेंढीच्या प्रतिकारयंत्रणेसमोर येतच नाहीत, त्यामुळे डोस वरचेवर द्यावे लागतात.

चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीतलं सॅपोनिन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या मलेरियाच्या आर२१ लशीतही आहे. माणसांच्या जंतांवरची लस अजून चाचण्यांतच अडकली आहे, तोवर चप्पल आणि गोळी सोडू नका.