सात ते सात, जनरेटर चालू

पहाटे ५.३०

वाईत थंडी आहे. कृष्णेवरचं धुकं मेणवलीच्या रस्त्यापर्यंत आलंय. मालिकेचं शूटिंग घाटावर आणि आमची तीन दारांची व्हॅनिटी व्हॅन बरीच अलीकडे, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत. एवढी मोठी गाडी खाली उतरतच नाही. म्हणजे आजचा दिवस ठरलेला: जनरेटर इथे, युनिट तिथे आणि मधल्या वाटेवर माझी ये-जा.

प्रॉडक्शनचा मुलगा एका दगडी भिंतीकडे बोट दाखवतो. "दादा, गाडी मागे घ्या, दुपारी सावली मिळेल." सावली मिळेल, पण आमचा जनरेटर गाडीच्या मागच्या कप्प्यात आहे. धूर भिंतीवर आपटून दारांशी परत येणार आणि रेडिएटरही तीच तापलेली हवा ओढत बसणार. मी गाडीचं तोंड भिंतीकडे करतो आणि मागची बाजू रानाकडे. मग एक उदबत्ती पेटवून सायलेन्सरपाशी धरतो. धूर रानाच्या दिशेने झुकतो. तिकडे घर नाही, तंबू नाही, चहाची टपरी नाही. फक्त वाळलेलं गवत आहे, ते हेल्पर खराट्याने आणि विळ्याने साफ करतो. सायलेन्सर तापल्यावर अशा गवताला पेटायला वेळ लागत नाही.

सकाळी ६.१५

ऑइलची काडी, कूलंट, फॅनबेल्ट. हे सगळं मशिन थंड असतानाच बघायचं. डिझेलही आत्ताच भरायचं. आमचा १५ केव्हीएचा सेट निम्म्या लोडवर तासाला दोन-अडीच लिटर घेतो. बारा तासांचे तीस लिटर टाकीत असले, की भर दुपारी कॅन घेऊन गरम सायलेन्सरशेजारी उभं राहावं लागत नाही. चालू जनरेटरमध्ये डिझेल ओतणारे या लायनीत कमी नाहीत. मी ओतत नाही आणि हेल्परलाही ओतू देत नाही.

मग अर्थिंग. गाडी रबरी टायरवर उभी, जमिनीशी तिचा संबंध नाही. आत गीझर, ओले पाय, हेअर ड्रायर. रॉड खोल ठोकायचा, भोवतीची माती पाण्याने भिजवायची, वायरचा क्लॅम्प हलवून बघायचा. करंट गळू लागला तर ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी आहे. सेट सुरू केला की त्याचं टेस्टचं बटण दाबायचं. 'खट्' आवाज करून तो पडला तरच आतल्या खोल्यांना लाइट द्यायची.

सकाळी ७.००

स्टार्टर. पाच मिनिटं लोड न देता चालू ठेवतो. व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०च्या आसपास स्थिर झाली की पहिल्या खोलीचा एमसीबी वर, तिथला एसी सुरू, थोडं थांबून दुसरी खोली, मग तिसरी. तिन्ही एसी एकदम लावले तर कॉम्प्रेसर सुरू होताना इतका करंट ओढतात, की सेट दबतो.

१५ केव्हीए म्हणजे प्रत्यक्षात १२ किलोवॅट. तीन एसींचे पाच, गीझरचे तीन, ड्रायरचे दीड-दोन, इस्त्रीचा एक. बेरीज काठावर येते. म्हणून गीझर सकाळी तासभरच. त्यानंतर त्याचा एमसीबी मी खाली पाडतो आणि दारावर तसं सांगतो, म्हणजे कोणी "दादा, पाणी गार आहे" म्हणत घाटावर शोधायला येत नाही.

सकाळी ११.००

वॉकीवर आवाज : "व्हॅनिटीवाले, जनरेटर बंद करा, टेक आहे." सरकारी नियमानुसार सायलेंट सेटचा आवाज एका मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो. पण नदीकाठच्या शांततेत साउंडदादांच्या माइकला तेवढाही पुरतो. वारा फिरला असावा. एसी एकेक करून पाडतो, सेट बंद करतो.

वारा फिरला हे माझ्याही कामाचं आहे. परत सुरू करण्याआधी उदबत्ती पुन्हा पेटवतो. धूर आता गाडीच्या अंगालाच लागून चाललाय. सायलेन्सरच्या तोंडाला लवचीक पाइपाचा तुकडा जोडून त्याचं तोंड पलीकडे वळवतो. क्लॅम्प पक्का आवळतो. सैल जोड असला, तर पाइप लावून उपयोग काय?

दुपारी १.३०

जेवण घाटाजवळच्या मांडवात आहे. आता मला इथून हलायचं आहे आणि सेट चालूच राहणार आहे, कारण मधल्या खोलीत आजीची भूमिका करणाऱ्या ताई जेवून आडव्या झाल्यात.

पॅनलवर सगळे पहारेकरी आहेत. ऑइलचं प्रेशर उतरलं, कूलंट तापलं, इंजिन भरधाव सुटलं, व्होल्टेज घसरलं, तर सेट आपोआप बंद पडतो. त्यामुळे कित्येक ऑपरेटर बिनधास्त निघून जातात. पण हे सगळे पहारे मशिनसाठी आहेत. आत झोपलेल्या माणसाला श्वास नीट मिळतोय का, हे त्या पॅनलला कळत नाही.

धुराचा वास येतो, डोळे चुरचुरतात. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. शूटिंगवर ही लक्षणं सगळ्यांनाच असतात. कोणी उन्हाला दोष देतं, कोणी पित्ताला. म्हणून आमच्या गाडीत नियम आहे : आत कोणी डोकं दुखतंय म्हणालं, की आधी दार उघडायचं, माणसाला बाहेर आणायचं, सेट बंद करायचा. बाम नंतर.

निघण्याआधी तीन गोष्टी. पहिली, खोल्यांमधले अलार्म. बटण दाबून वाजवून बघतो, मागे छापलेली मुदत बघतो. तरी अलार्म गप्प आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे असं नसतं. प्रमाण ७० पीपीएम असेल तर तो एक ते चार तासांनी वाजतो. ४०० असेल तर चार ते पंधरा मिनिटांत.

दुसरी, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. हा फार बेरकी. दारं-खिडक्या बंद असताना तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा कुठून तरी आत खेचतो. केबलसाठी गाडीच्या तळाला पाडलेल्या भोकातून, दाराच्या फाटलेल्या रबरातून. ती भोकं नेमकी जनरेटरच्या कप्प्याकडे असतात. आमची मी सीलंटने बुजवलीत, तरी कोणी झोपलं असेल तर फॅन बंदच ठेवतो आणि धुराच्या विरुद्ध बाजूची खिडकी चार बोटं उघडी. एसीची थोडी गार हवा वाया जाते, जाऊ दे.

तिसरी, माणूस. हेल्परला लाल स्टॉप बटणावर हात ठेवायला लावतो. "काही वेगळं वाटलं तर?" "हे दाबायचं." "मला विचारायचं?" "नाही. आधी दाबायचं, दार वाजवायचं, मग वॉकी." तो पायरीपाशी बसतो. मी परतल्यावरच तो जेवायला जाणार.

दुपारी ४.००

रस्त्याच्या पलीकडे महाबळेश्वरला निघालेलं एक कुटुंब भाड्याची कॅराव्हॅन लावून थांबलंय. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून अशा गाड्या अधूनमधून दिसतात. त्यांनी पेट्रोलचा छोटा जनरेटर खिडकीखालीच ठेवलाय, आत पोरं मोबाइल बघतायत आणि मोठी माणसं मेणवलीचा वाडा बघायला निघालीत.

"काका, तो जरा लांब ठेवा. वीस फूट तरी, आणि धुराचं तोंड पलीकडे."

"अहो, चोरीला जाईल ना!"

"साखळी लावा झाडाला. आणि आत पोरं आहेत तोवर मोठं कोणीतरी इथे थांबा."

काका बायकोकडे बघतात. ती आधीच परत फिरलेली असते.

संध्याकाळी ७.१५

पॅकअप. एसी एकेक बंद, मग पाच मिनिटं रिकामा सेट. तापलेलं इंजिन एकदम थांबवायचं नाही. त्यानंतर रजिस्टर : अवर मीटरचा आकडा, डिझेल, प्रॉडक्शनची सही.

रात्री १०.००

लॉजवर खोल्या कमी पडल्यात. हेल्पर म्हणतो, "मी गाडीतच झोपतो, एक एसी लावतो फक्त."

हे रोजचंच भांडण. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात, कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकऱ्याला, रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसी चालवायला लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात निघालं. तीही आपल्यासारखी गाडीवर काम करणारीच माणसं होती.

दिवसा मी निघून जातो, कारण पायरीपाशी कोणीतरी जागं असतं. रात्री हेल्पर आत झोपला, की सेटपाशी जागं कोणीच उरत नाही.

"गाडीत झोप. खिडक्या उघड्या टाक, बॅटरीवरचा पंखा लाव. सेटची किल्ली मी नेतोय."

"दादा, नदीकाठी डास फोडून काढतील."

"काढू देत. सकाळी उठून खाजवशील तरी."