मूतखडा व त्यावरील नवे उपचार

नागपूरच्या उन्हाळ्यांत घामावाटे पाणी फार जातें, मूत्र दाट होतें व त्यांतील क्षारांचा खडा बनूं शकतो. सुश्रुतानें मूत्राशयांतील खड्यावर शस्त्रक्रिया सांगितली. पण यश संशयित म्हणून राजाज्ञा घेऊनच ती करावी, असें बजावलें. १९८० सालीं म्युनिक येथें बाहेरून आघातलहरी सोडून मूत्रपिंडांतील खडा फोडण्यांत आला; आतां बारीक दुर्बीण व लेसर यांनींही तें साधतें. रोगी बहुधा थोड्याच दिवसांत कामास लागतो. मात्र खडा गेला तरी प्रवृत्ति राहते. दहा वर्षांत सुमारें निम्म्या रोग्यांस तो पुन्हां होतो. म्हणून विद्यार्थ्यांनो, तहानेची वाट न पाहतां पाणी प्या. पालकहो, कुशींतील कळेबरोबर थंडीताप आल्यास मूत्रमार्ग अडून मूत्रपिंड निकामी होण्याचें भय असतें. काढ्यांवर न विसंबतां तत्काळ रुग्णालय गांठावें.