तिकीट किती तासांचं?

जपानमधल्या ‘तोहो’ या चित्रपटगृहांच्या साखळीने जून २०२३ मध्ये प्रौढांचं तिकीट १,९०० येनवरून २,००० येनवर नेलं. रुपयांत हजाराच्या वर! पण विनिमय दराने केलेली तुलना फसवी असते, कारण तिकडचा प्रेक्षक रुपयांत कमावत नाही. त्याऐवजी तिकिटासाठी किती वेळ राबावं लागतं, ते पाहावं. त्याच वर्षी जपानचं सरासरी किमान वेतन तासाला १,००४ येन झालं. म्हणजे तिकीट साधारण दोन तासांच्या मजुरीचं. आपल्याकडे आठ तासांना ५०० रुपये मिळवणाऱ्याला २५० रुपयांचं तिकीट चार तासांना पडतं. आकडा लहान, भार दुप्पट. आणि पॉपकॉर्न अजून घ्यायचंच आहे.

किमतीत करही दडलेला असतो, पण तो जातो कुठे हे देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के खास कर आहे. तो सरकारी चित्रपट केंद्रामार्फत पुन्हा चित्रपटनिर्मिती आणि चित्रपटगृहांकडेच वळतो. हॉलिवूडपट पाहणाराही त्यामुळे नकळत फ्रेंच सिनेमाला हातभार लावतो. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. भारतात सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. तो मात्र सर्वसाधारण तिजोरीत जमा होतो. शिवाय शंभराच्या आतलं तिकीट मल्टिप्लेक्सात शोधावंच लागतं. ते बहुधा तालुक्याच्या एकपडदा थिएटरातच सापडेल.