कुंडींतील डिफेनबेकिया

आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या ओसरीवर ठिपकेदार, रुंद पानांचें डिफेनबेकियाचें झाड कुंडींत दिसतें. तें मूळचें उष्ण अमेरिकेंतील. अरण्यांत वृक्षांच्या छायेंत वाढणारें. म्हणून त्यास उजेड हवा, परंतु कडक ऊन नको. उन्हानें पानें करपतात. कुंडीच्या तळास भोंक असावें. वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी घालावें. पाणी तुंबल्यास खोड कुजतें. झाड उंच व बोडकें झाल्यास शेंडा छाटावा आणि खोडाचे डोळे असलेले तुकडे लावावे, ते रुजतात.

परंतु खरी सावधगिरी छाटणीच्या वेळींच पाहिजे. कच्च्या अळूनें घसा खाजतो, तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळें. तेच स्फटिक ह्या झाडाच्या सर्वांगांत आहेत. पान चावल्यास जीभ सुजते, क्वचित् वाचाही कांहीं काळ बंद होते. ह्याच कारणानें इंग्रजींत त्यास 'मुका ऊस' अशा अर्थाचें नांव पडलें आहे. करितां छाटलेलीं पानें हिरवा चारा समजून गुरांपुढें टाकूं नयेत. खड्ड्यांत पुरावीं व हात स्वच्छ धुवावे. कुंडी लहान मुलांच्या हातीं लागेल अशी ठेवूं नये. मुलानें पान चावलेंच, तर तोंड धुऊन तत्काळ डॉक्टरांस दाखवावें.