कोरियाशी ओळख (लेखांक ६) : रस्सा कशाचा आहे?

गेल्या आठवड्यात टी-मनी कार्ड, मेट्रो आणि बसचे रंग पाहून झाले. फिरणं जमलं की पुढचा प्रश्न पोटाचा, आणि आपल्याकडून जाणाऱ्या अनेकांना तोच सगळ्यात अवघड वाटतो. रांजणगावात एलजी, तळेगावात ह्युंदाई, त्यामुळे पुण्याच्या आसपासच्या कितीतरी घरांना कोरिया आता परका राहिलेला नाही. कोणी कामासाठी जातं, कोणी शिकायला, कोणी मालिका पाहून हौसेने. निघताना बॅगेत मेतकूट, भाजणी, उपम्याची पाकिटं जातातच. ती जरूर न्यावीत. पण सगळे दिवस त्यांच्यावरच काढावेत हे मला मुळीच पटत नाही. पालेभाज्या, मोड, मुळा, सोयाबीन, तीळ आणि भात यांचे इतके प्रकार जिथे रोज रांधले जातात, तिथे शाकाहारी माणसालाही चांगलं जेवता येतं. त्यासाठी काय विचारायचं एवढं ठाऊक हवं.

आधी वेळ सांभाळा. दुपारी तीन ते पाचच्या सुमारास बरीच उपाहारगृहं विश्रांतीसाठी बंद असतात. राजवाडा पाहून साडेतीनला भूक लागली तर दोन-चार दारं बंदच मिळतात. दाराशी जोडे ठेवायची मांडणी आणि आत उंच केलेली जमीन दिसली, तर जोडे काढून वर जायचं. थंडीत तिथे बसण्यासारखं सुख नाही, कारण जमीन खालून तापवलेली असते. ही ओन्दोल पद्धत कोरियन घरांत फार जुनी आहे.

आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो किती माणसं आहात हा. बोटं दाखवली तरी भागतं. मात्र एक बोट दाखवणाऱ्याने आधी यादी पाहावी. टेबलावर भाजायचं मांस, मोठ्या भांड्यात उकळणारा रस्सा असे पदार्थ कमीत कमी दोन जणांचेच देतात, आणि तसं यादीवर लिहिलेलं असतं. हे जेवण मुळातच वाटून खाण्यासाठी मांडलेलं आहे. एकट्याने किम्बापचं, म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताचं, छोटं दुकान, बिबिम्बाप किंवा नूडल्सचं उपाहारगृह, नाहीतर मॉलच्या तळघरातला फूड कोर्ट गाठावा.

बसल्यावर चमचे, काड्या दिसत नाहीत म्हणून नवखा माणूस वाट पाहत राहतो. टेबलाच्या कडेला खाली एक खण असतो, त्यात सगळं मिळतं. टेबलावर घंटीचं बटण असतं, ते दाबलं की माणूस येतो. बटण नसेल तर ‘योगियो’ अशी स्पष्ट हाक मारावी. कोणी रागावत नाही, सगळे तशीच मारतात. पाणी बहुतेक ठिकाणी आपलं आपण आणायचं आणि त्याचे पैसे नसतात. मुख्य पदार्थाबरोबर येणाऱ्या छोट्या वाट्या, म्हणजे बान्छान, किमतीतच धरलेल्या असतात. संपल्या तर पुन्हा मागता येतात. हवं तेवढंच मागावं, कारण ताटात टाकलेलं तिथेही कोणाला आवडत नाही आणि उरलेल्या अन्नाची विल्हेवाट लावायला दुकानदाराला पैसे पडतात.

आता मुख्य गोष्ट. कोरियन स्वयंपाकात मांसाचा तुकडा दिसतो आणि तो टाळता येतो. न दिसणारा असतो तो रस्सा. वाळवलेल्या बारीक माशांचा, म्हणजे म्योल्छीचा, आणि समुद्री शेवाळाचा काढा हा तिथल्या असंख्य पदार्थांचा पाया आहे. आंबवलेल्या सोयाबीनचा त्वेन्जांगचा रस्सा वाटीत अगदी शाकाहारी दिसतो, तरी त्याचं पाणी बहुधा माशांचं, कधी शिंपल्यांचं असतं. रस्त्यावरची लाल, तिखट त्तोक्बोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कांड्या, पण त्यात माशाच्या वड्या आणि बहुधा तेच पाणी. मऊ टोफूच्या सुन्दुबुमध्ये कोळंबी, शिंपले किंवा मांस पडतं. आंबवलेल्या भाज्यांच्या किमचीत खारवलेली बारीक कोळंबी किंवा माशाचं आंबवलेलं पाणी असतं, त्यानेच तिला ती चव येते. गोमांस न खाणाऱ्यांनी आणखी सावध राहायला हवं. तांदळाच्या चकत्यांचं त्तोक्गुक, समुद्री शेवाळाचं सूप, झटपट नूडल्सचा मसाला, यांत ते वारंवार येतं.

‘मांस नको’ एवढं सांगून काम होत नाही, याचं कारण इथेच आहे. ‘कोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या, असं म्हटलं की स्वयंपाकी मांस काढतो. मासा, हॅम, कोळंबी त्याच्या मते मांसात येतीलच असं नाही. म्हणून प्रत्येकाचं नाव घ्यावं लागतं. जाण्यापूर्वी एक कार्ड कोरियन भाषेत तयार करून घ्या : गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, मासे, म्योल्छी, कोळंबी, खारवलेलं समुद्री अन्न आणि या सगळ्यांचं पाणी चालत नाही, अंडं चालतं की नाही तेही लिहा. ओळखीचं कोणी नसेल तर पापागो हे भाषांतराचं ॲप या कामाला चांगलं आहे. आणि रस्सा समोर दिसला की विचारा, ‘म्योल्छी युक्सू येयो?’ पाणी माशांचं आहे का?

उत्तर ‘हो’ आलं तर हट्ट धरू नये. सकाळपासून चुलीवर उकळत असलेल्या पातेल्यातून मासा कोणी वेगळा काढू शकत नाही. तेव्हा मागणी केल्यावर समोर रचला जाणारा पदार्थ निवडावा, हा सगळ्यात उपयोगी नियम. बिबिम्बाप यात पहिलं. भातावर निरनिराळ्या भाज्या, वर अंडं आणि कोचुजांग नावाची तिखट चटणी, सगळं चमच्याने कालवून खायचं. रानभाज्यांचं सान्छे बिबिम्बाप डोंगरातल्या देवळांच्या वाटेवर हमखास मिळतं आणि मला तेच सर्वांत उजवं वाटतं. फक्त चटणी वेगळी मागा, कारण काही ठिकाणी ती गोमांसाच्या खिम्यात परतलेली असते. च्योंजू शहराचं बिबिम्बाप सगळ्यात नावाजलेलं, पण त्यावर अनेकदा कच्चं गोमांस असतं. किम्बापही समोरच गुंडाळतात, त्यामुळे हॅम आणि खेकड्याच्या कांड्या गाळून मागता येतं.

ऋतूप्रमाणे आणखी काही. उन्हाळ्यात खोंगुक्सू, म्हणजे गार, दाट सोया दुधातल्या नूडल्स. हिवाळ्यात लाल भोपळ्याची होबाकजुक ही पेज, किंवा लाल चवळीसारख्या दाण्यांची फात्जुक. सोलच्या क्वांगजांग बाजारात, जो १९०५ पासून चालू आहे, जात्यावर मूग दळून तव्यावर जाड बिन्देत्तोक घालतात. पाहताच आपलं मुगाचं धिरडं आठवतं. पीठ ओतण्याआधीच विचारावं, कारण त्यात डुकराचं मांसही मिसळतात. कांगवॉन प्रांतात गेलात तर बटाटा किसून केलेलं कामजाजॉन चुकवू नका.

ज्याला एकही प्रश्न न विचारता जेवायचं आहे त्याने बौद्ध मठांचं अन्न शोधावं. मांस नाही, मासा नाही, आणि तीव्र वासाच्या पाच गोष्टीही नाहीत : लसूण, कांद्याची पात, एक रानटी आणि एक लागवडीची अशा आणखी दोन कांदेवर्गी पाती, आणि पाचवा हिंग. कोरियात हिंग पिकतही नाही, तरी ग्रंथांतून आलेला नियम त्या यादीत टिकून आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसाला हे वाचून दिलासा वाटेल. मात्र कंदमुळं वर्ज्य असणाऱ्या जैन मंडळींनी हे ध्यानात ठेवावं की कमळाचा कंद, मुळा, बटाटा मठांत भरपूर वापरतात. सोलमध्ये चोग्येसा मंदिरासमोर ‘बारू गोंगयांग’ हे चोग्ये बौद्ध पंथाच्या संस्थेचं उपाहारगृह आहे. महाग आहे, आधी जागा राखून ठेवावी लागते, पण एकदा जाण्यासारखं आहे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मठात एक रात्र राहणं. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी मठांनी दारं उघडली आणि तो टेम्पलस्टे उपक्रम आजही देशभर चालतो. पहाटे अंधारात उठावं लागतं, जमिनीवर झोपावं लागतं. काही मठांत भिक्षूंच्या पद्धतीचं जेवण शिकवतात : एकात एक बसणारी चार भांडी, भात, सूप, भाज्या आणि पाणी यांच्यासाठी. जेवण संपल्यावर मुळ्याच्या किंवा किमचीच्या फोडीने भांडं पुसायचं, ती फोड खायची आणि धुतलेलं पाणी प्यायचं. एक शीतही वाया जात नाही. कोरियन माणूस अन्नाकडे कसा पाहत आला आहे हे समजून घ्यायला मला याहून चांगला वर्ग माहीत नाही.

घाईच्या दिवशी कोपऱ्यावरची सीयू, जीएस२५ अशी चोवीस तासांची दुकानं आहेत. केळी, दही, उकडलेली अंडी, भाजलेलं रताळं मिळतं. गरम पाणी आणि मायक्रोवेव्ह तिथेच. पाकिटाच्या मागे ॲलर्जीच्या पदार्थांची चौकट असते आणि गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, कोळंबी तिच्यात सांगावीच लागतात. फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला की काम होतं. छोट्या वाळलेल्या माशांची नोंद मात्र त्या चौकटीत येत नाही, त्यासाठी घटकांची पूर्ण यादी वाचावी.

कोणी कोरियन सहकारी जेवायला घेऊन गेला तर सर्वांत वडील माणसाने चमचा उचलेपर्यंत थांबावं. भात आणि सूप चमच्याने, भाज्या काड्यांनी. वाटी टेबलावरच राहते, तोंडाशी न्यायची नाही. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, तसं मृतांच्या विधीत करतात. पेल्यात ओतताना आणि घेताना दोन्ही हात लावावेत. दारू घेत नसाल तर सुरुवातीलाच साधेपणाने सांगा आणि दुसऱ्याच्या पेल्यात ओतून द्या, तेवढ्याने मान राखला जातो.

बिल टेबलावर कोणी आणत नाही. चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या काउंटरवर जायचं. कर किमतीतच धरलेला असतो, आणि बक्षिसी द्यायची नाही. बहुधा एकच जण सगळ्यांचे पैसे देतो. नंतरच्या कॉफीचे तुम्ही द्यावेत. ऑर्डर घेणारं यंत्र असेल तर त्यावर इंग्रजीचं बटण शोधा. परदेशी कार्ड चालत नसेल तर काउंटरवर द्या, आणि थोडे वॉन रोख जवळ ठेवा. समजावणं अगदीच जमलं नाही तर १३३० हा पर्यटकांसाठीचा क्रमांक आहे. इंग्रजीत अडचण सांगा आणि फोन दुकानदाराच्या हातात द्या; रस्सा कशाचा आहे ते पलीकडची व्यक्ती त्याला कोरियन भाषेत विचारून तुम्हाला सांगेल.

पुढील लेखांकात : रस्त्यात कचऱ्याचा डबा का सापडत नाही, आणि घरातला कचरा कोणत्या पिशवीत.